डावखुरा कॅचर आणि माझे ४०,३६० रुपये

४०,३६० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" विचारायला फोन करणाऱ्यांचे कष्ट वाचतील. त्यातले ३८,८८० मी फोनवरच्या एका भामट्याला स्वतःच्या हातानं, स्वतःचा पिन टाकून पाठवले. १,२८० छपाईचे, २०० कटिंगचे. मी कलाशिक्षक आहे, बावीस वर्षं नोकरी झाली. घरात ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून सगळ्यांना दटावणारा मीच. आता बायको जेवायला वाढताना त्या विषयावर चकार शब्द काढत नाही, आणि तेच जास्त लागतं.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात बसून मी बेसबॉलची कार्डं करतो, हे ऐकूनच निम्मे लोक हसतात. आमच्या शाळेत मुलींची सॉफ्टबॉलची टीम आहे. चार वर्षांपूर्वी ती विभागीय स्पर्धेला निघाली तेव्हा प्रत्येकीचं एक कार्ड केलं, अमेरिकेत बेसबॉलपटूंची असतात तसं. पुढे फोटो, मागे आकडे. अडीच बाय साडेतीन इंच. तिथल्या कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीनं १९५७ साली हे माप धरलं आणि आजवर तेच चालत आलंय. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड दिसू नये म्हणून बाहेर सोडलेला जास्तीचा रंग, ३५० जीएसएमचा कागद, वर मॅट लॅमिनेशन, कोपरे गोल. १२ बाय १८ च्या शीटवर नीट लावली तर १८ बसतात. अमेरिकन लीगचे लोगो आणि तिथल्या खेळाडूंचे फोटो मी घेत नाही, ती दुसऱ्याची मालकी. माझ्या कार्डांवर आमच्याच पोरी असतात, शेतातून घरी जाऊन परत मैदानावर येणाऱ्या. बबलगमच्या कागदातून क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेल्या पिढीतला मी, त्यामुळे हे वेड नवीन नाही.

पण गावात त्याची किंमत काय? "मास्तर, वाढदिवसाचे फ्लेक्स करा, त्यात पैसा हाय." चार वर्षांत हेच ऐकलं.

आणि मग त्या भामट्याचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "सर, कोपरे मशीनवर करता का हातानं? ब्लीड किती ठेवता?"

ब्लीड! हा शब्द मला छापखान्याबाहेरच्या माणसानं कधी विचारला नव्हता. त्या क्षणी त्यानं किडनी मागितली असती तरी मी कुठली, डावी का उजवी, एवढंच विचारलं असतं. पुण्याच्या एका क्रीडा संकुलात बेसबॉलचा कोच आहे म्हणाला. नंबर कुठून मिळाला, तर "तुमच्याच एका पालकांकडून." कुठल्या पालकाकडून, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. नाव घ्या आणि फोन ठेवल्यावर त्या पालकाला लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

ऑर्डर अशी: १५ खेळाडू, प्रत्येकाची २४ कार्डं, एकूण ३६०. दर १२ रुपये. ४,३२० रुपये. म्हणजे बरोब्बर २० शीट, एकही जागा वाया नाही. मी त्या हिशेबावरच खूश.

आता ते सांगतो, जे आठवून मी अजून रात्री उठून बसतो.

त्यांच्या कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या पोराचा, फोटो मी आडवा उलटवला होता. नावाची पट्टी डावीकडे येत होती आणि पोरगा पट्टीकडे पाठ करून बसल्यासारखा दिसत होता, म्हणून फिरवला. छातीवर पॅड असल्यानं जर्सीवरची अक्षरं दिसत नव्हती, काही खटकलं नाही. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाठवलं. अर्ध्या मिनिटात उत्तर, "मस्त सर, फायनल." रात्री माझ्याच लक्षात आलं की कॅचरचा ग्लव्ह उजव्या हातात गेलाय. म्हणजे पोरगा डावखुरा झाला. डाव्या हातानं फेकणारा कॅचर बेसबॉलमध्ये जवळजवळ नसतोच. आमच्या सातवीतल्या पोरींनासुद्धा हे माहीत आहे. गंमत म्हणजे ही चूक कार्डांच्या इतिहासात गाजलेली आहे. त्याच १९५७ च्या टॉप्स संचात हँक एरनचा फोटो उलटा छापला गेला आणि उजव्या हाताचा तो फलंदाज डावखुरा दिसायला लागला. मी ही गोष्ट वर्गात सांगत असतो.

मी घाबरून फोन केला, "कोच साहेब, कॅचर उलटा झालाय, माफ करा."

तो म्हणाला, "चालतंय की सर. पोरांना काय कळतंय त्यातलं."

कोच! स्वतःचा कॅचर डावखुरा छापला जातोय आणि कोच म्हणतो चालतंय! ज्या माणसाला ब्लीड कळतं, त्याला ग्लव्ह कुठल्या हातात असतो ते कळत नाही? तिथंच फोन ठेवायला हवा होता. मला काय वाटलं असेल? वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. मी तासभर बसून फोटो फुकट सुधारून दिला. वर खुल्या फायली मागितल्या, "आमच्याकडं रेकॉर्डला", तर त्याही पाठवल्या, सगळ्या लेअरसकट. गिऱ्हाइकाला खुली फाइल द्यायची नसते, आडवा वॉटरमार्क मारलेलं लहान चित्र द्यायचं, हे मीच पोरांना शिकवतो.

शनिवारी, महिन्यातला चौथा शनिवार, बँक बंद, संध्याकाळी सहाच्या सुमारास मेसेज आला: खात्यात ४३,२०० जमा. लगेच त्याचा फोन, आवाज रडवेला. "सर, एक शून्य जास्त पडलं. स्पर्धेच्या खात्यातले पैसे आहेत. पोरं मनमाडला स्टेशनवर अडकलीत, तिकिटाचे पैसे त्यातलेच. तुमचे ४,३२० ठेवा, बाकीचे तेवढे पाठवा."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं! पेपरात दर आठवड्याला येतं. तरी ऐका, म्हणजे हसण्याआधी थोडा विचार कराल. आमच्याकडं तेव्हा दोन तासांपासून लाइट नव्हती. टॉवरची रेंज आली की येणार, गेली की जाणार. शिल्लक बघायला ॲप उघडलं तर गोल गोल फिरत राहिलं. पैसे पाठवायचं ॲप मात्र पहिल्या झटक्यात चाललं, हे नशीब. आणि मनमाडच्या फलाटावर पोरं घेऊन रात्र काढण्याचा अनुभव मराठवाड्यातल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. मी स्वतः काढलीय. त्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

आधी २०,०००. मग १८,८८०. पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी ट्रेडर्सचं. संकुल नाही, कोच नाही, ट्रेडर्स. मी वाचलं आणि पिन टाकला. नाव जुळत नसेल तर हात मागे घ्या, समोरचा रडत असला तरी. आणि तो जमा झाल्याचा मेसेज? दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावानं येतो, साध्या नंबरावरून नाही. रात्री नऊला लाइट आली, शिल्लक उघडली, तर जमा काहीच नाही, गेलेलेच तेवढे दिसले. कार्डं दुपारीच छापून आली होती. मी कोपरे गोल करत बसलो होतो.

इथं दुसरी चूक. मी आधी मेहुण्याला फोन केला, मग बँकेच्या हेल्पलाइनला, तिथं पाऊण तास गाणं ऐकलं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मला साडेअकराला सुचला. उलटं करा. आधी १९३०, मग मेहुणा. तक्रार नोंदली गेली, ६,२०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले. बाकीचे तोवर निघून गेले होते.

सोमवारी बँक. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकला ना?" मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं, तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही म्हणून. ते म्हणाले, हे तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे. घरी येऊन पुन्हा वाचलं, तर त्यांचं बरोबर निघालं. पण खुर्ची तरी द्यायची की नाही? वीस वर्षं पगार तिथंच जमा होतो माझा.

मग पोलीस ठाणं. अर्ज वाचून हवालदार म्हणाले, "पत्ते? म्हणजे रमी का तीन पत्ती?" मी म्हणालो, कार्डं, बेसबॉलची. जमवतात लोक. अमेरिकेत २०२२ साली मिकी मँटलचं एक जुनं कार्ड एक कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते सरसावून बसले. "मग तुम्ही केवढ्याला विकायलाव?"

"बारा रुपयाला."

त्यानंतर त्या खोलीत मला कुणी गंभीरपणे घेतलं नाही. म्हणाले, जिल्ह्याला सायबरकडं जा. एसटीनं गेलो. तिथं म्हणाले, रक्कम लहान आहे, तालुक्यालाच द्या. लहान! माझा जवळजवळ महिन्याचा पगार. परत तालुक्याला, तर "पोर्टलवर टाकलंय ना? मग झालं की." मी सांगितलं, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३, गुन्हा कुठंही घडला तरी नोंदवून घ्यावा लागतो. हवालदार म्हणाले, "मग त्या कलमालाच द्या अर्ज, मास्तर." चार हेलपाटे झाले. त्यांचं तिकीट वरच्या हिशेबात धरलेलं नाही. गोठवलेल्या ६,२०० साठी पोलीस म्हणतात कोर्टाचा आदेश आणा, कोर्टातले बाबू म्हणतात पोलिसांचा अहवाल आणा.

कुणी जास्त पैसे आले म्हणून परत मागितले तर एकच वाक्य पाठ करा: सोमवारी बँकेत अर्ज द्या, बँक फिरवून देईल. खरा असेल तर थांबतो.

३६० कार्डं कपाटात आहेत. पंधरा पोरांचे चेहरे. ती कोण, कुठली, त्यांचे फोटो त्यानं कुठून उचलले, काही कळायला मार्ग नाही. पुरावा म्हणून एक संच ठाण्यात नेला होता. घेतला नाही. दोन कार्डं मात्र हवालदारांनी पोरासाठी ठेवून घेतली, "चांगलं काढलंय की हो" म्हणाले. त्यातलं एक कॅचरचं, सुधारलेलं. अर्जाच्या नोंदीत अजून "पत्ते विक्री व्यवहारात फसवणूक" असंच लिहिलंय. दुरुस्तीसाठी सोमवारी पुन्हा बोलावलंय.