उंदरांच्या पिंजऱ्यांना ऑटोमॅटिक पाणी: सहा महिने वापरून झाल्यावर लिहितेय

आधीच सांगून टाकते, किट (एका टाकीतून नळीने सगळ्या पिंजऱ्यांना पाणी पोचवणारं) चांगलंय, पण सोबत जो सूचनांचा कागद येतो त्याच्या भरवशावर राहिलात तर पहिल्याच आठवड्यात रडाल. मी रडले. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण हेच किट चार वेगवेगळ्या नावांनी विकायला असतं आणि आतला माल तोच असतो.

आमच्याकडे नऊ पिंजरे आहेत, तीन मजली रॅकवर. वर आणि मध्ये रॅट (मोठ्या जातीचे उंदीर), खाली माइस (छोटे उंदीर) आणि एका कोपऱ्यात गिनीपिगची जोडी (ही मांडणी नंतर बदलावी लागली, ते पुढे येईलच). नऊ पिंजरे म्हणजे नऊ बाटल्या, रोज धुवायच्या, भरायच्या, उलट्या लावायच्या, चोचीतली गोळी अडकली का ते बोटाने दाबून बघायचं. बाटलीचा अजून एक वैताग म्हणजे पाणी कमी झालं की वरची हवा वाढते, खोली तापली की ती हवा फुगते आणि उरलेलं पाणी चोचीतून खाली ढकलते, मग संध्याकाळी बघावं तर बाटली रिकामी आणि भुसा ओला. याला कंटाळूनच किट घेतलं.

बॉक्समध्ये 5 लिटरची टाकी, बारा व्हॉल्व्ह, नळीचं भेंडोळं, टी आणि एल्बो (नळीला फाटा आणि वळण द्यायचे जोड), जाळीला अडकवायच्या क्लिपा, टाकीच्या तोंडाशी बसणारी बारीक गाळणी आणि लाइनच्या शेवटी लावायचं एक बूच, एवढंच. व्हॉल्व्ह स्टीलचे आहेत आणि खरंच छान आहेत, पैसे वसूल होतात ते इथेच. आतमध्ये एक स्टीलची काडी आणि तिच्या मागे रबरी रिंग, स्प्रिंग वगैरे काही नाही. मागून पाणी रेटतं म्हणून काडी रिंगवर घट्ट बसते, आणि उंदराने जिभेने काडी थोडी बाजूला कलवली की फट पडून थेंब येतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप कळतात. पाण्याचा रेटा कमी पडला तर रिंग नीट दाबली जात नाही आणि व्हॉल्व्ह झिरपतो, रेटा जास्त झाला तर छोट्या जिवाला काडी हलवणंच जमत नाही.

आणि कागदावर काय लिहिलंय तर "टाकी रॅकच्या वर ठेवा". बास. किती वर, ते नाही! मी टाकी रॅकच्या डोक्यावर ठेवली, वरच्या मजल्याचे तिन्ही व्हॉल्व्ह रात्रभर टिपटिप करत बसले आणि तळाच्या मजल्यावरचे माइस काडीला नाक लावून लावून थकले. सोपं गणित आहे, पाण्याची 10 सेंटीमीटर उंची म्हणजे साधारण एक शतांश बार दाब. टाकी वरच्या व्हॉल्व्हपासून जेमतेम वीतभर वर आणि खालचा मजला तिथून दीड मीटर खाली, म्हणजे वरच्याला काहीच नाही आणि खालच्याला सात-आठ पट. शेवटी भिंतीवर फळी ठोकून टाकी उचलली, आता पाण्याची पातळी वरच्या व्हॉल्व्हपासून 60 सेंटीमीटर वर असते, आणि माइस वरच्या मजल्यावर नेले, धटिंगण रॅट खाली. तेव्हापासून दोन्ही तक्रारी बंद. आणि हो, घरचा नळ थेट या नळीला जोडायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा, नळाला दोन-तीन बार दाबही असू शकतो, एवढ्याशा व्हॉल्व्हला तो झेपत नाही आणि गळायला लागलं तर थांबवणारं कोणीच नाही. टाकी असली की जास्तीत जास्त टाकीभर पाणी जाईल.

जास्तीत जास्त टाकीभर, हे वाक्य मी आता हलक्यात घेत नाही. व्हॉल्व्ह पिंजऱ्याच्या आत सोडायचा असं कागदावरच्या चित्रात दाखवलंय. मी तसाच सोडला, भुशापासून तीन बोटं वर. आता माइस काय करतात, रात्रभर भुसा आणि कागदाच्या पट्ट्या ओढून कोपऱ्यात ढीग करतात, आणि त्यांनी नेमका व्हॉल्व्हचाच कोपरा निवडला. कागदाची एक पट्टी काडीला टेकली, काडी कललेली राहिली आणि पट्टी वातीसारखं पाणी ओढत राहिली. सकाळी लाइट लावला तर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये चार बोटं पाणी, भुसा तरंगतोय, आणि पाचही जणी लाकडी घराच्या छपरावर एकमेकींना चिकटून ओल्या बसलेल्या. वाचल्या त्या छपरामुळे. माइससारखा जीव भिजून गार पडला तर फार वेळ टिकत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरून बसले होते तासभर, ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

तेव्हापासून व्हॉल्व्ह बाहेरून. जाळीच्या बाहेर क्लिप, फक्त काडीचं टोक आत डोकावतं, गळालंच तर पाणी बाहेरच्या थाळीत पडतं. भरीव भिंतीचा डबा असेल तर खाली भोकं असलेला नाहीतर जाळीच्या तळाचाच घ्या, नाहीतर माइसना बाटलीवरच ठेवा, मी मनापासून सांगतेय. आणि नवीन लाइन टाकली की जनावरं आत सोडायच्या आधी एक रात्र प्रत्येक व्हॉल्व्हखाली टिश्यू पेपर ठेवा. सकाळी कुठला ओला झालाय ते बघा, त्याचा जोड उघडून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे जास्त द्या, जोड ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने, उलटे दिले तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येतो.

गळण्यापेक्षा वाईट म्हणजे न गळता बंद पडणं, कारण ते दिसत नाही. नळी कुठे कमानीसारखी वर उचलली गेली की त्या उंचवट्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि त्याच्या पुढचे सगळे व्हॉल्व्ह कोरडे, टाकी मात्र भरलेली दिसतेय म्हणून आपण निवांत. नळी टाकीपासून शेवटापर्यंत उतरतीच हवी, कुठेही चढ नको. टाकी भरली की शेवटचं बूच काढून पाणी बादलीत सोडायचं, फुसफुस थांबून सलग धार आली की बूच लावायचं, आणि मग प्रत्येक काडी बोटाने कलवून थेंब येतोय का बघायचं. हे बोटाने बघणं मी रोज करते, नऊ व्हॉल्व्हना दोन मिनिटं पण लागत नाहीत. मोठ्या रॅटला दिवसाला 100 ग्रॅम वजनामागे साधारण 10 मिली पाणी लागतं, माइसना अंगाच्या मानाने त्याहून जास्त, आणि एवढ्याशा शरीरात साठा नसतो, एक दिवस कोरडा गेला तरी ती खंगतात.

नळीबद्दल दोन शिव्या. किटमधली नळी पारदर्शक आहे, दिसायला मस्त, महिन्याभरात आतून हिरवी. उजेड लागला की शेवाळ येणारच, काळी नळी दिली असती तर काय बिघडलं असतं? मी सगळी बदलून काळी टाकली. शेवाळ गेलं तरी आत बुळबुळीत थर जमतोच, तो अंधारात पण जमतो, म्हणून दर तिसऱ्या दिवशी लाइन पूर्ण रिकामी करून ताज्या पाण्याने धुते, टाकीत पाणी आहे अजून म्हणून तसंच चालू ठेवत नाही. प्रयोगशाळांमध्ये यासाठी पाण्यात थोडं क्लोरीन घालतात किंवा पाणी आम्लधर्मी करतात, पण ते मोजूनमापून, घरी अंदाजपंचे करू नका. क्षाराचं पाणी असेल तर काडी अडकते, व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवले की सुटते, नंतर खळखळून धुवायचे. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, विषारी गॅस होतो.

दुसरी शिवी खरं तर रॅटना. नळी जाळीला चिकटून गेली असेल तर ते हात बाहेर काढून ती आत ओढतात आणि कुरतडतात, त्यांचे दात आयुष्यभर वाढत असतात त्यामुळे त्यांना हे कामच असतं. जाळीपासून चांगली चार बोटं लांबून न्या.

गिनीपिगसाठी हे किट नाहीच. ते तोंडात गवत-दाणा असतानाच पाणी प्यायला येतात आणि चघळलेला लगदा काडीच्या कडेने आत जातो, दोन दिवसांत हिरवी पेस्ट जमून व्हॉल्व्ह जाम. वर त्यांना व्हिटॅमिन सी लागतं म्हणून कोणी टाकीत थेंब घाला सांगेल, घालू नका, पाण्यात ते झपाट्याने नासतं आणि लाइन चिकट होते ती निराळीच. त्यांना जड वाडगा आणि बाटली परत दिली. हॅमस्टर एकटा ठेवतात, त्या एका जिवासाठी एवढा नळयोजनेचा घाट कशाला.

आता सवयीचं. तरुण रॅट एका संध्याकाळीत शिकले, मी काडी कलवून थेंब लोंबता ठेवला, एकाने चाटला, बाकीचे बघायला आले. पण ठमी, आमची अडीच वर्षांची म्हातारी, शिकलीच नाही. बाटली मी पहिले दोन आठवडे सोबत ठेवायची ठरवलं होतं, पाचव्या दिवशी सगळे पितायत बघून काढून टाकली, शहाणपणा नडला. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत होते म्हणून कळलं, दोन दिवसांत 18 ग्रॅम उतरली आणि डोळ्याभोवती लालसर खपली आली. ती खपली रक्त नसते, आजारपणात किंवा ताणात रॅटच्या डोळ्यातून तसा स्राव येतो. बाटली लावल्यावर जी प्यायली ती बघवत नव्हतं. ठमीला तिची बाटली कायमची परत मिळाली.

बाटलीचा एक फायदा मात्र किटमुळे हातचा जातो, कोण किती पितंय ते कळत नाही. मी टाकीवर मार्करने दर 100 मिलीला रेघ मारलीये, आकडा सगळ्यांचा मिळून येतो, पण एकदम वाढला किंवा घटला तर एकेकाला उचलून बघता येतं.

तर नऊपैकी आठ पिंजरे किटवर, त्यातल्या ठमीच्या पिंजऱ्यात बाटली पण, गिनीपिग बाहेर. पाचमधले साडेतीन स्टार, दीड कापला तो कागद आणि नळीसाठी. दोन-तीन पिंजरे असतील तर घेऊ नका, बाटल्या धुणं परवडलं. आणि "चार दिवस गावाला जाता येईल का" असं विचारणार असाल तर नाही, रोज कोणीतरी येऊन काड्या कलवून बघणारं हवंच. जास्तीच्या रबरी रिंगांचं पाकीट मात्र पहिल्याच दिवशी मागवून ठेवा, रिंग चिरते ती नेमकी रात्री अकरा वाजता.