देशी कापसाचा कुर्तापीस: जाड आहे, महाग आहे, तरी घ्या

पुण्यात हातमागाच्या प्रदर्शनात विदर्भातल्या एका गटाच्या स्टॉलवरून घेतला. कोरडवाहू शेतातला देशी कापूस, रंग न दिलेला, साडेचारशे रुपये मीटर. सूत जाड आहे, हाताला खरबरीत लागतं, मधेमधे गाठी आणि सरकीच्या टरफलाचे बारीक तपकिरी ठिपके दिसतात. पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं, त्यामुळे शिवायला टाकायच्या आधी रात्रभर भिजत घालाच आणि पाव मीटर जास्त घ्या. पण थोडं वापरात आलं की जे मऊ पडतं ना, आणि घाम असा शोषतं की मे महिन्यात दुसरं काही अंगावर नको वाटतं. सर्जिकल कॉटनला हाच देशी कापूस वापरतात ते काय उगाच नाही.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक काकू म्हणाल्या, "धागा आखूड आहे हो, हलका कापूस दिसतोय." आखूड आहे हे खरंच, पण हलका कोणी ठरवला? इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांनी. त्यांची मशिनं अमेरिकन लांब धाग्यावर बेतलेली, आपला कापूस त्यांना गैरसोयीचा. चरख्यावर मात्र पिढ्यानपिढ्या हाच कातला जायचा, तेव्हा कोणाची तक्रार नव्हती.

आणि गोष्ट नुसत्या प्रतवारीवर थांबली नाही. 1853 ला ईस्ट इंडिया कंपनीने निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं, 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथून लँकेशायरमधल्या मँचेस्टरला जाणारा कापूस आटला, मग सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या जमिनीवर. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला खामगावचा रेल्वेफाटा उघडायला व्हाइसरॉय मेयो स्वतः आला, एका कापूसबाजारासाठी! तेव्हाचा कॉटन कमिशनर, म्हणजे कापसाचा कारभार बघणारा इंग्रज अधिकारी, रिव्हेट-कार्नाक, त्याने तर हिशोब उघड लिहून ठेवलाय. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आत येईल, इथलं कापड त्यापुढे टिकणार नाही, घरी कातला जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मिळतील, त्यांच्याकडून जंगल मोडून अजून पेरा वाढवता येईल. म्हणजे विणकराचा धंदा आणि जंगल दोन्ही एकाच वाक्यात मोडीत काढलंय त्याने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संतापाने पुस्तक बाजूला ठेवावं लागलं होतं.

पुढे तसंच झालं. गवताची रानं नांगराखाली गेली, राहिलेलं जंगल सरकारी राखीव, मग गुरांनी चरायचं कुठे? ज्वारीच्या जागी कापूस आला, शेतसारा रोखीत भरायचा म्हणजे सावकार आलाच, आणि 1899 ला पाऊस दडी मारून बसला तेव्हा वऱ्हाडात माणसं भुकेने मेली आणि त्याच वर्षी रेल्वेने कापसाच्या गाठी आणि धान्यसुद्धा बाहेर गेलं. दुष्काळ पावसाने पडला म्हणतात, पण अर्धा तरी बाजाराने पाडला असं माझं ठाम मत आहे. इथल्या गिरण्यांनी डोकं वर काढलं तर 1896 ला त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर, लँकेशायरला त्रास नको म्हणून.

एक मात्र आहे, देशी वाण इंग्रजांनी संपवला असं म्हणता येत नाही. अमेरिकन बियाणं त्यांनी खूप ठिकाणी लावून पाहिलं, पण आपल्या पावसाच्या भरवशावर देशीच जास्त तग धरायचा, आणि स्वातंत्र्यापर्यंत देशातला बहुतेक कापूस देशीच होता. हायब्रीड आणि जनुक बदललेलं बीटी बियाणं नंतर आलं. पण धाग्याची लांबी बघून भाव ठरवायची सवय तीच राहिली, म्हणून आज शेतकऱ्याने देशी लावायचं म्हटलं तर विकायचा कुठे हाच पहिला प्रश्न.

या गटाने तो कापूस घेऊन कापड करून दाखवलंय, त्यासाठी पैसे द्यायला माझी ना नाही. तक्रार एकच, सोबतच्या कागदावर 'हजारो वर्षांची परंपरा' एवढंच छापलंय. गाव कुठलं, शेतकऱ्याला क्विंटलला काय भाव दिला, विणणाऱ्याला मीटरला किती मिळाले, काहीच नाही. स्टॉलवरच्या मुलाला विचारलं तर तो गडबडला. साडेचारशे घेताय तर हे लिहाच, अर्धा स्टार त्याचाच कापलाय. बाकी साडेचार. कुर्त्याआधी अंदाज घ्यायचा असेल तर त्यांचा पंचा घेऊन बघा, तो स्वस्त पडतो आणि लगेच वापरता येतो.