शाहूपुरीतली जुनी पेढी आणि टायटल सर्च करणाऱ्या वकील मॅडम

शाहूपुरीत, कोल्हापूर स्टेशनच्या जवळ, गुळाच्या अडतीची एक बंद पडलेली दुमजली पेढी आम्ही दोघा भावांनी पाडून नवीन बांधण्यासाठी विकत घ्यायचं ठरवलं. 1891 ला मिरजेहून रेल्वे आली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी ही पेठ गुळाच्या व्यापारासाठी वसवली. एवढ्या जुन्या पेठेत मिळकतीचे कागद सरळ मिळतील ही आशाच धरू नये. म्हणून इसार देण्याआधी टायटल सर्चचं, म्हणजे जुने दस्त तपासून मालकी साफ आहे का ते बघण्याचं, काम इथल्याच एका वकील मॅडमकडे दिलं.

काम एक नंबर. नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट सर्च होतो, पण मुंबईबाहेरचे दस्त तिथे 2002 पासूनचेच दिसतात. बँकेला हवा तीस वर्षांचा सर्च. मागची वर्षं मॅडमनी दुय्यम निबंधक कार्यालयात बसून सूचीची पुस्तकं चाळून काढली. मिळकत पत्रिकेवरचा (प्रॉपर्टी कार्डवरचा) सत्ताप्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केलीय ते, आधी बघितला, कारण ‘ब’ निघाला तर जागा शासनाच्या भाडेपट्ट्याची आणि परवानगीशिवाय व्यवहार नाही. आमची जागा त्यातून सुटली.

खरी कमाल पुढे. विकणारे म्हणाले, भाडेकरू दोनच. मॅडमनी महापालिकेतून घरफाळ्याचा उतारा काढला, तर भोगवटादार म्हणून तिसरं नाव! मग स्वतः जागेवर आल्या. जिन्याखाली, गुळाने काळवंडलेल्या भिंतीवर लाइटचे तीन मीटर, आणि तिसरा फिरत होता. मागच्या गाळ्यात एक पॅकिंगवाला कित्येक वर्षांपासून बसलेला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाडून बांधायला भाडेकरू काढायचा, तर नकाशे आणि पैशाची तजवीज दाखवावी लागते, शिवाय नव्या इमारतीत त्याला जागा द्यावी लागते. खरेदीनंतर हे कळलं असतं तर आमचा सगळा प्लॅनच फिसकटला असता. मॅडमनी विकणाऱ्यांनाच त्याच्याशी बसायला लावलं आणि त्याचा दस्त नोंदवल्याशिवाय साठेखत (विक्रीचा करार) होऊ दिलं नाही. त्या पॅकिंगवाल्यालाही नव्या इमारतीत रस्त्याच्या बाजूचा गाळा मिळतोय, याचं मला मनापासून समाधान आहे.

फी इतरांपेक्षा जास्त आहे, पण द्यावी. घरबसल्या दोन पानं काढून देणारे स्वस्तात मिळतात. स्टेशनभागातल्या जुन्या व्यापारी इमारतीला ते उपयोगाचे नाहीत.

उणं म्हणाल तर रिपोर्ट हातात यायला उशीर झाला, आणि त्याची भाषा कोर्टाची. अर्धा तास मागा, समोर बसवून ओळ न् ओळ समजावतात. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पण ते काम त्या घेत नाहीत. त्यासाठी आर्किटेक्ट वेगळा बघावा लागतो.