वैष्णोदेवीच्या पाच रुपयांपायी ३१,०४९ रुपये घालवले

जुनी नाणी ऑनलाइन विकायला गेले आणि फसले. रक्कम आधीच सांगून टाकते. नोंदणी १,१५०, प्रमाणपत्र ५,५००, जीएसटी १४,४०० आणि 'परत मिळणारा' विमा ९,९९९. चार दिवसांत ३१,०४९ रुपये.

सासूबाईंच्या पितळी डब्यात जुनी नाणी होती. वैष्णोदेवीचं २०१२चं पाचाचं, ज्ञानेश्वरांचा १९९९चा रुपया, पंचम जॉर्जचा १९१८चा चांदीचा रुपया. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत वैष्णोदेवीच्या नाण्याला २,४०,००० मिळतात असं सांगत होते. त्यातल्या नंबरवर मी फोन लावला. मी हावरट नाही. मुलाची फी तोंडावर आली होती आणि डबा कित्येक वर्षं कपाटात नुसता पडून होता.

फोनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, सगळी नाणी चिंचेने घासून चकचकीत करा, मग फोटो पाठवा." मी मोरीपाशी बसून तासभर घासली. जॉर्जच्या रुपयावरचा काळा थर हाताला लागत होता, खालून पांढरी चांदी दिसत होती आणि मला आनंद होत होता! तिथेच कळायला हवं होतं. ज्याला नाण्यांची जाण आहे तो घासायला कधीच सांगणार नाही. घासलं की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत पडते. जाणकार नाण्यावरच्या वर्षाखालची टांकसाळीची खूण विचारतो: मुंबई टांकसाळीचा हिरा, हैदराबादची तारा, नोएडाचं टिंब, कोलकात्याची कसलीच खूण नाही. दोन्ही बाजूंचे फोटो मागतो. या फोनवरच्या माणसाने एकाच बाजूचा घेतला आणि लगेच विचारलं, "यूपीआय आहे ना?"

मी अगदीच आंधळी नव्हते. "कर माझ्या पैशांतूनच कापून घ्या ना," असं मी दोनदा म्हटलं. "आरबीआयचा नियम आहे मॅडम, आधी भरावा लागतो." पाठोपाठ शिक्का-सहीचं पत्र आलं. पत्र रिझर्व्ह बँकेचं आणि पैसे जाणार कुठल्याशा किराणा दुकानाच्या खात्यात! ते नाव मी स्क्रीनवर वाचलं. वाचून पिन टाकला. याचा राग अजून जात नाही.

विकणाऱ्याने आधी एक रुपयाही द्यायचा नसतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलंही शुल्क घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच जाहीर केलंय. मी ते पैसे गेल्यावर वाचलं.

बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकला ना?" पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. मग साहेब सगळ्यांसमोर, "ताई, पाच रुपयांचे अडीच लाख कोण देतं हो?" आजूबाजूचे हसले. अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे कळवावं लागेल. तिसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा अर्जच सापडेना. मी गुन्हेगार असल्यासारखी माझीच उलटतपासणी! चोराचा फोन नंबर, खातं, पत्र, सगळं मी कागदावर नेऊन दिलं होतं, आणि तो नंबर त्यानंतरही आठवडाभर चालू होता.

माझी एक चूक कबूल करते. लाजेने तीन दिवस घरातही बोलले नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला नाही. तुम्ही पहिल्या तासातच करा. तेवढ्यात रक्कम पुढे गेली नसेल तर अडवता येते. स्क्रीनशॉट पुसू नका. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. "आता शेवटचेच भरा" ऐकलं की फोन ठेवा.

नंतर डबा घेऊन नाण्यांच्या एका जुन्या जाणकाराकडे गेले. वैष्णोदेवीचं नाणं त्यांनी लगेच परत दिलं, पाचच रुपये. जॉर्जचा रुपया मात्र भिंगाखाली बराच वेळ फिरवत राहिले. "घासलात का हो?" म्हणाले. डब्यात त्यातल्या त्यात किंमत होती ती त्याचीच. आता फक्त चांदीचा भाव.