बारीक विणकामाच्या सुयांसाठी स्टेनलेस स्टीलचा टिग रॉड

क्रोशाच्या २० नंबरी सुती दोऱ्याने सुयांवर डॉयली (शोभेचा जाळीदार रुमाल) किंवा जाळीचे काम करायचे तर २ मिमीपेक्षा बारीक सुया लागतात आणि त्या आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत. त्या घरी करण्यासाठी मी वापरून पाहिलेल्या साहित्यात, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारा १.६ मिमी जाडीचा आणि मीटरभर लांबीचा स्टेनलेस स्टीलचा टिग रॉड, म्हणजे वेल्डिंग करताना सांधा भरायला वितळवतात ती सळई, सर्वांत उजवा ठरला.

सुईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलत असल्यामुळे १.६ मिमीची सुई त्याच धातूच्या २ मिमीच्या सुईच्या जेमतेम ४० टक्के ताठ असते. ॲल्युमिनियम मुळातच पोलादाच्या एक तृतीयांश ताठ, त्यामुळे या जाडीला ते निरुपयोगी आहे, आणि पितळही फारसे तग धरत नाही. बांबू मला मनापासून आवडतो, पण इतका बारीक तासला की टोकाशी त्याचे तंतू सुटतात. पियानो वायर वाकवली तरी पुन्हा सरळ होते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र ती कार्बन पोलादाची असल्याने हाताच्या घामाने गंजते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग पडण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

टिग रॉडच्या एका टोकाला बहुधा ३०८एल किंवा ३१६एल असा स्टीलचा प्रकार ठोकलेला असतो. त्या खोलगट अक्षरांत दोरा अडकतो, म्हणून तेवढा भाग कापून टाकावा. उरलेल्या लांबीत १९ सेंटिमीटरच्या पाच दुटोकी सुया, म्हणजे गोल विणकामाचा पूर्ण संच, व्यवस्थित निघतो. पक्कडीने तोडल्यास टोक चपटे होते, म्हणून हॅकसॉच वापरावी. त्यानंतर कानशीने उतार द्यावा आणि ४०० पासून २००० नंबरपर्यंतचा वॉटर पेपर क्रमाने फिरवावा; सुई हँड ड्रिलमध्ये धरून फिरवली तर टोक चारी बाजूंनी सारखे येते. शेवटी जुना नायलॉनचा मोजा टोकावरून ओढून पाहावा. बोटाला न जाणवणारी कसर तो लगेच पकडतो.

हा रॉड पियानो वायरइतका लवचिक नाही. घट्ट विणणाऱ्यांच्या हातात सुईला हळूहळू बाक येतो, जो काचेवर फळीखाली लाटून बराचसा काढता येतो. गुळगुळीतपणामुळे रेशमी दोऱ्याचे टाके निसटतात, हा दोष मात्र कायमचा आहे. ३०८एल आणि ३१६एल या दोन्ही प्रकारांत निकेल असल्याने ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी हे साहित्य घेऊ नये. विक्री बहुधा वजनावर होते. एक रॉड सुमारे १६ ग्रॅम भरतो, तेव्हा पूर्ण पाकीट घेण्याऐवजी चार-पाच सुटे रॉड मागावेत आणि काउंटरवर गडगडवून सरळ आहेत ना, हे तिथेच पाहून घ्यावे.