पावतीवरचं नाव बदललं आणि आमचे १५,५०,००० रुपये गेले

आकडे आधी सांगते, म्हणजे "एकूण किती गेले हो?" असं कोणी पुन्हा विचारायला नको. माझ्या निवृत्तीचे १०,००,०००, नंतर त्यात टाकलेले १,५०,००० आणि माझ्या शब्दावर नणंदेने ठेवलेले ४,००,०००. एकूण १५,५०,०००. मुद्दलातला एक रुपया परत आलेला नाही. ज्या इंदूरच्या घराण्याच्या वित्त कंपनीत हे पैसे होते त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे आणि वकिलांनी गप्प राहायला सांगितलंय. गप्प राहून काय मिळालं ते दिसतंच आहे, म्हणून नावाशिवाय का होईना, लिहिते.

"लोभ नडला" म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देते. वित्त कंपनी ठेवींवर जास्तीत जास्त १२.५ टक्के व्याज देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा २००७ पासूनचा नियम. २०१६ मध्ये निवृत्त झाल्यावर मी १२ टक्क्यांवर पैसे ठेवले, म्हणजे नियमाच्या आत. नोंदणीचं प्रमाणपत्र ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. तेवढ्यावर न थांबता भाच्याला सांगून रिझर्व्ह बँकेच्या यादीतही नाव बघून घेतलं. नाव होतं. याहून जास्त चौकशी एका निवृत्त शिक्षिकेने काय करायची? "आम्हाला आधीपासूनच संशय होता" म्हणणारे आता बरेच निघालेत. त्यांतल्या कितीतरी जणांनी याच घराण्याच्या मॅरेज गार्डनमध्ये सवलतीच्या दरात मुलांची लग्नं लावली. तेव्हा एकानेही मला फोन केला नाही.

हे घराणं काही रातोरात उभं राहिलेलं नव्हतं. आजोबांची पेढी होती, कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांना हुंडीवर पैसे द्यायचे. मुलांनी नव्वदच्या दशकात वित्त कंपनी काढली आणि ट्रक-ट्रॅक्टरना कर्ज देऊ लागले. १९९७ मध्ये सीआरबी ही मोठी वित्त कंपनी बुडाली, तिच्या मागोमाग देशभरात किती वित्त कंपन्यांना टाळी लागली, पण ही टिकली. "सत्त्याण्णवमध्येसुद्धा आम्ही प्रत्येकाचे पैसे दिले" हे वाक्य पुढची वीस वर्षं त्यांच्या प्रत्येक एजंटच्या तोंडी होतं, आणि ते खरंही होतं. मग सोनेतारण आलं, क्रेडिट सोसायटी आली, शाळा आली, मॅरेज गार्डन आलं, बायपासला टाउनशिप, सुपर कॉरिडॉरला जमिनी. थोरले अध्यक्ष, धाकटे व्यवस्थापकीय संचालक, मुलगे संचालक, सुनांकडे शाळा आणि सोसायटी. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं मागचं पान दरवर्षी त्यांचं. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, सगळीकडे एजंट म्हणून आपलीच माणसं.

एक गोष्ट तेव्हा कोणी बोललं नाही. कर्ज देणारी कंपनी घरची, कर्ज घेणारी टाउनशिप घरची आणि कर्ज मंजूर करणारेही घरचेच. मग नकार द्यायचा कोणी? कुठेही पैसे ठेवण्याआधी एवढं एक बघा: संचालकांत घराबाहेरचा आणि तोंड उघडू शकणारा एक तरी माणूस आहे का.

आता मार्च २०१९. ही गोष्ट आठवली की आजही माझं डोकं तापतं.

तीन वर्षांची मुदत संपली होती. आमचे एजंट, ज्यांना मी वर्षानुवर्षं भाऊजी म्हणत आले, नूतनीकरणाचे कागद घेऊन घरी आले. "वहिनी, यंदा साडेतेरा देतायत. जुन्या माणसांनाच." १०,००,००० वर महिन्याला १०,००० मिळायचे, ते ११,२५० होणार होते. नवी पावती हातात आली. तीच निळी किनार, तेच बोधचिन्ह, कोपऱ्यात आजोबांचा तोच फोटो. नावातला पहिला शब्दही तोच. पण पुढचं "फायनान्स लिमिटेड" गेलं होतं आणि तिथे "एलएलपी", म्हणजे एक भागीदारी संस्था, आलं होतं. जिथे "मुदत ठेव" छापलेलं असायचं, तिथे बारीक अक्षरात होतं: "व्यवसायासाठी दिलेले विनातारण कर्ज".

मी विचारलं. हे ठासून लिहिते, कारण ठाण्यात मला "आपने पढ़ा नहीं था क्या?" असं विचारलं गेलं. वाचलं होतं आणि विचारलंही होतं. भाऊजी म्हणाले, "ते टॅक्ससाठी आहे, सीएंनी सुचवलंय. ग्रुप एकच, घर एकच." माझं समाधान झालं नाही म्हणून मी ऑफिसला फोन लावला. थोरल्यांच्या सूनबाई स्वतः बोलल्या. "काकू, कागद कुठलाही असू दे, तुमचे पैसे आमच्याच घरात आहेत." ज्या घराने तीन वर्षं एक तारीख चुकवली नाही, त्या घरची सून असं सांगते. तुम्ही काय केलं असतं?

त्या एका कागदावर तीन गुन्हे माझ्या डोळ्यांसमोर पडले होते. १३.५ टक्के हा दर नोंदणीकृत वित्त कंपनीलाही देता येत नाही. एलएलपीला लोकांकडून अशा ठेवी घेताच येत नाहीत. आणि "कर्ज" हा शब्द मुद्दाम घातला होता, कारण २१ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे जेमतेम महिन्याआधी, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा वटहुकूम निघाला होता. त्यांच्या वकिलांना तो ठाऊक होता. आम्हाला कोण सांगणार? मूळ कंपनीने ठेवी घेण्याची परवानगी २०१८ मध्येच सोडली होती, हेही फार उशिरा कळलं. प्रमाणपत्राची फ्रेम मात्र भिंतीवर तशीच होती. यादीत नाव पहिल्यांदा ठेवताना बघितलंत म्हणून पुरत नाही, प्रत्येक नूतनीकरणाला पुन्हा बघा. आणि पावतीवर ज्याचं नाव आहे त्याचं बघा, ऑफिसच्या पाटीवर ज्याचं आहे त्याचं नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एलएलपीचे भागीदार कोण आहेत ते दिसतं. आम्ही बघितलं तेव्हा त्यात घरातलं एकही नाव नव्हतं. एक जुने मुनीम होते आणि एक ड्रायव्हर.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने पैसे थकवल्यावर सगळ्याच वित्त कंपन्यांचं उसनं मिळणं आटलं. यांचा पैसा जमिनीत अडकलेला, आणि जमीन दर महिन्याला व्याज देत नाही. मग जुन्यांचं व्याज नव्यांच्या ठेवीतून सुरू झालं. जानेवारी २०२० मध्ये "३१ तारखेच्या आत भर घातली तर १४ टक्के" असं आलं, ते याचसाठी. माझे १,५०,००० त्यातच गेले. जुन्या ठेवीवर आपणहून व्याज वाढवून देणारा आणि शेवटची तारीख लावणारा माणूस बुडत असतो. तिथून त्या दिवशीच पैसे मागा.

मार्च २०२० पासून व्याज बंद. कारण काय दिलं? मोरॅटोरियम! रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला सवलत दिली ती कर्ज फेडणाऱ्यांना, हप्त्यांसाठी, आणि ती ऑगस्टअखेर संपलीसुद्धा. ती सवलत ठेवीदारांचं व्याज थांबवायला वापरायची आणि वर "सरकारचाच आदेश आहे" म्हणायचं! लोक घरात कोंडलेले, बँकांत रांगा, कोण जाऊन खातरजमा करणार? आणि ज्यांनी मला ऐकवलं की "व्याज तर खाल्लंत ना", त्यांनी हिशोब ऐकावा. नव्या पावतीवर मला अकरा महिन्यांचे १,२३,७५० मिळाले, बाकी सगळं तिकडेच.

मुद्दलासाठी ३१ मार्च २०२१ चे पुढच्या तारखेचे चेक दिलेले होते. एप्रिलमध्ये इंदूरमध्ये दुसरी लाट. हॉस्पिटलात खाट मिळत नव्हती आणि भाऊजींचा फोन: "चेक टाकू नका वहिनी, एक चेक परत गेला तर खाती गोठतील, मग कोणालाच मिळणार नाही. अक्षय्य तृतीयेनंतर टाका." मग म्हणाले जूननंतर. चेक तीन महिनेच चालतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. जून संपला आणि चेकचा कागद झाला. चेक हातात असेल तर तारखेला टाका, कोणी कितीही हात जोडू दे. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. "थांबा" म्हणणारा ही मुदत संपवत असतो.

दसऱ्यानंतर ऑफिसचं शटर उघडलंच नाही. धाकट्यांनी पेपरात जाहीर सूचना दिली की ते आधीच वेगळे झालेत, थोरल्यांच्या व्यवहारांशी त्यांचा संबंध नाही. घर एकच होतं ना?

आणि मग सरकारी दारं. ठाण्यात टीआय, म्हणजे ठाण्याच्या प्रमुख साहेबांनी पावती उलटीपालटी केली आणि म्हणाले, "मैडम, ये तो उधारी का मामला है, सिविल में जाइए।" त्या एका शब्दासाठीच तर "कर्ज" छापलं होतं! मी वकिलांकडून कायदा समजून घेऊन परत गेले. त्या वटहुकुमाच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यात ठेवीची व्याख्याच अशी आहे की आगाऊ रक्कम म्हणून घ्या, कर्ज म्हणून घ्या की आणखी कुठल्या रूपात, परत देण्याचं वचन देऊन घेतलेला पैसा म्हणजे ठेव. अशा ठेवी घेतल्या तर दोन ते सात वर्षं कैद, फसवून बुडवल्या तर तीन ते दहा. मध्य प्रदेशचा स्वतःचा ठेवीदार संरक्षण कायदा तर २००० सालापासून आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. हे सगळं एका निवृत्त शिक्षिकेने वर्दीतल्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि त्याने "आवेदन छोड़ जाइए" म्हणायचं. पोच मागितली तर तोंड वाकडं. आवक शाखेचा शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय कुठलंही आवेदन देऊ नका, नाहीतर ते दिलंच नव्हतं असं सांगतात. मला सांगितलं.

आर्थिक गुन्ह्यांचं काम बघणाऱ्यांनी रक्कम लहान म्हणून परत ठाण्याकडे धाडलं. नियामकाकडून पत्र आलं की ही संस्था आमच्याकडे नोंदणीकृत नाही, राज्य शासनाकडे जा. अहो, नोंदणीकृत नसताना पैसे घेतले हीच तर तक्रार आहे! हेल्पलाइनवर तक्रार केली, ती एका स्तरावरून दुसऱ्यावर गेली आणि एक दिवस मेसेज आला की निराकरण झालं आहे. कोणाचं झालं? फोन केला तर म्हणे फोर्स क्लोज केली, म्हणजे मला न विचारताच बंद. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या सरकारी बैठकीत, साहेबांनी कागद बघितला, "दिखवाते हैं" म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं. माझ्यामागे एक आजोबा होते, ऐकू येत नाही, हातात तीच निळी पावती. त्यांना तर कोणी समजावूनही सांगितलं नाही. नोकरीत आम्ही एका मुलाच्या हजेरीची चूक झाली तर स्पष्टीकरण द्यायचो. इथे कितीतरी घरांची म्हातारपणं बुडाली आणि एका टेबलावरचा एक माणूस जबाब द्यायला बांधील नाही?

इकडे सुपर कॉरिडॉरची जमीन बँकेकडे गहाण होती, बँकेने ती ताब्यात घेतली. तारण असलेल्याचा हक्क पहिला. आमच्याकडे "विनातारण" असं त्यांनीच लिहून दिलंय.

छोट्या घराण्यातच असं होतं असं समजू नका. वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएल या घरकर्ज कंपनीला जानेवारी २०१९ पर्यंत केअर या पत ठरवणाऱ्या संस्थेचं ट्रिपल ए, म्हणजे सर्वात वरचं, मानांकन होतं, ते घसरत घसरत जूनमध्ये डी, म्हणजे पैसे थकवणाऱ्याचं, झालं. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केलं. २०२१ मध्ये पिरामल समूहाने ती ३४,२५० कोटींना घेतली तेव्हा मोठ्या मुदत ठेवीदारांना रुपयामागे साधारण २३ पैसे मिळाले. सहाराचं तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाचा परताव्याचा आदेश ३१ ऑगस्ट २०१२ चा, तो सहाराच्या दोन कंपन्यांचा. सहाराच्याच सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी पोर्टल उघडलं १८ जुलै २०२३ ला, आणि पहिल्या टप्प्यात माणशी मिळाले जास्तीत जास्त १०,०००. बँकेतल्या ठेवीला ५,००,००० पर्यंत विमा आहे. वित्त कंपनी, सोसायटी, एलएलपी, यांच्यातल्या पैशाला काहीही नाही.

नणंद माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी नाही. तिचे ४,००,००० मी माझ्या पेन्शनमधून फेडते आहे. ते मी कुणाच्या सांगण्यावरून करत नाही.

आता ज्यांच्याकडे एलएलपीच्या निळ्या पावत्या आहेत त्यांच्यासाठी. एकट्याने जाऊ नका. २००० च्या कायद्याखाली आम्ही एकत्र अर्ज करतो आहोत. पावतीची प्रत, पैसे दिल्याचं बँकेचं पासबुक, व्याज जमा झाल्याच्या नोंदी आणि एजंटचे मेसेज, एवढं काढून ठेवा. आणि मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका. भाऊजी सध्या सेटलमेंटच्या नावाखाली मूळ पावत्या गोळा करत फिरताहेत, शंभराला वीस रुपये देऊ म्हणतात, आणि सोबत एका कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागतात. दारात आले तर सही करू नका, आणि लगेच शेजारच्यांना कळवा.