क्रॅगर हेडच्या नावाखाली माझे ५,९८५ डॉलर गेले

क्रॅगर हेड म्हणजे जुन्या फोर्ड गाडीच्या इंजिनावर बसवायचं एक दुर्मीळ सिलिंडर हेड, इंजिनाचा वरचा भाग. ते विकत घ्यायला गेलो आणि फसलो. आकडा आधीच सांगतो. ५,९८५ डॉलर, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. २,५०० आगाऊ, ३,१०० उरलेले आणि ३८५ लाकडी खोक्याचे नि ट्रकभाड्याचे. बँकेने वायरचे, म्हणजे खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवायचे, दोनदा ३० डॉलर घेतले ते वेगळेच. फसलेला माणूस आकडा सांगायला लाजतो, "गेले थोडेफार" म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं थोडक्यात निभावलं. माझं थोडक्यात निभावलं नाही. दीड वर्ष बाजूला टाकलेले पैसे होते ते.

मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि गेली सहा वर्षं १९३० ची फोर्ड मॉडेल ए बांधतोय. इंजिन चार सिलिंडरचंच ठेवायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, म्हटलं की बहुतेकांना १९३२ नंतरचा फोर्डचा व्ही-८ आठवतो. पण त्याआधी पोरं मॉडेल टी आणि मॉडेल ए चीच इंजिनं पळवत होती, आणि त्यांच्यासाठी छोट्या छोट्या कारखान्यांनी काय एकेक भाग काढले होते! शेवरोले बंधूंचं फ्रंटेनॅक हेड बसवलेली मॉडेल टी १९२३ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पाचवी आली. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावचं राजो हेड, लॉस एंजेलिसच्या जॉर्ज रायलीचं फोर-पोर्ट हेड, एड विनफिल्डचे कार्बोरेटर आणि कॅमशाफ्ट. ही नावं ज्यांना माहीत आहेत, त्यांना माझं वेड समजेल.

मला हवं होतं क्रॅगर. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या हॅरी मिलरकडच्या लिओ गूसेनने आखलेलं हे हेड आधी मिलर-स्कोफिल्ड म्हणून निघालं. ती कंपनी बुडाल्यावर क्रेन गार्ट्झने ते घेतलं आणि त्याच्याच नावातून क्रॅगर हे नाव झालं. मॉडेल ए च्या मूळ इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि हेड म्हणजे वरचं नुसतं बीडाचं झाकण. कॉम्प्रेशन ४.२२ ला १, ताकद ४० हॉर्सपॉवर. क्रॅगर बसवलं की व्हॉल्व्ह डोक्यावर येतात, ते उघडणारे पुशरॉड आणि रॉकर येतात, पेट्रोलचं मिश्रण आत यायला आणि धूर बाहेर जायला मोकळी वाट मिळते. बनली मुळात कमी, त्यात दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करायच्या मोहिमा झाल्या तेव्हा असलं जुनं लोखंड ढिगाने भट्टीत गेलं. उरलं ते शेतावरच्या गोठ्यात, कोठारात, कुणाच्या तरी आजोबांच्या बाकाखाली. "आजोबांच्या कोठारात सापडलं" हे वाक्य म्हणूनच आम्हाला खरं वाटतं. कारण ते पुष्कळदा खरं असतंच.

मला हेड हवंय हे मी चार ठिकाणी सांगून ठेवलं होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकाचा निरोप आला: माझ्याकडे नाही, पण नेब्रास्कात एकाकडे आहे, त्याला ईमेल कर. हा डाव जुनाच: मागणी वाचून कुणीतरी दुसऱ्याकडे पाठवतो, तो दुसरा फोटो दाखवून पैसे घेतो आणि माल कधी येतच नाही. हा डाव मलाही माहीत होता. जुन्या गाड्या बांधणाऱ्या आमच्यातले दोघं याआधी असेच फसलेत आणि मीच त्यांना शहाणपण शिकवलं होतं. मग मी का फसलो, ते मला नीट सांगायचं आहे, कारण मी आंधळेपणाने पैसे टाकलेले नाहीत.

माझे वडील कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे बनवणारे, होते. ओतकाम मी लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे मला धास्ती होती ती नकली मालाची. जुनंच हेड पॅटर्न म्हणून, म्हणजे साच्याचा नमुना म्हणून, वाळूत दाबून त्यावरून दुसरं ओतायचं, थोडं गंजू द्यायचं आणि अस्सल म्हणून विकायचं. पण बीड गार होताना फुटाला १/८ इंच आकसतं. पॅटर्न बनवणारा तेवढी वाढ आधीच धरतो. अस्सल हेडवरून सरळ ओतलं तर ती वाढ कुठून येणार? दीड फुटाच्या हेडला जवळजवळ ३/१६ इंच कमी भरतं, अक्षरांच्या कडा मऊ पडतात. म्हणून मी नेब्रास्कातल्या त्या माणसाला मापं विचारली. त्याने बरोबर दिली. पार्टिंग लाइनचा, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथल्या रेघेचा, जवळून फोटो मागितला. त्याने पाठवला. व्हॉट्सॲपवर वडिलांना दाखवला, तेही म्हणाले, जुनं काम आहे, वाळू चांगली आहे. हेड शंभर टक्के अस्सल होतं.

फक्त ते त्याचं नव्हतं.

मी लोखंड पारखत बसलो आणि त्याने मला खुशाल पारखू दिलं. एका स्पार्क प्लगशेजारच्या कोपऱ्याची खपली उडालेली होती, ते त्याने मी विचारायच्या आधी सांगितलं. रॉकर शाफ्टचे दोन स्टँड मूळचे नाहीत, नंतर कुणीतरी बनवलेत, हेही आपणहून सांगितलं. माल विकणारा स्वतःच खोट दाखवतोय म्हणजे माणूस सरळ, असं कुणालाही वाटलं असतं. आता कळतंय, हेडच्या खऱ्या मालकाने पूर्वी कधीतरी फोटोंबरोबर प्रामाणिकपणे जे लिहिलं होतं, तेच याने उचललं होतं. प्रामाणिकपणासुद्धा चोरीचा.

आता चिठ्ठीची गोष्ट. सगळेच सांगतात तसं मीही सांगितलं की कागदावर आजची तारीख आणि माझी आद्याक्षरं लिही, तो कागद हेडवर ठेव, शेजारी एक पाना ठेव आणि फोटो पाठव. कोठार दहा पावलांवर असणाऱ्याला पाच मिनिटांचं काम. फोटो आला दोन दिवसांनी. कागद होता, तारीख होती, आद्याक्षरं होती, कोपऱ्याची उडालेली खपलीही होती. पाना नव्हता. विचारलं तर म्हणाला, घाईत विसरलो, बाहेर उणे पंधरा आहे, परत जाऊ का? मीच म्हटलं, राहू दे.

पण पान्याचं एक वेळ सोडा. फोटोत हेडमागे बाकावर एक लाल चिंधी पडली होती, तेल पुसायची. पहिल्या सात फोटोंपैकी चौथ्यातही ती होती. तीच चिंधी, त्याच जागी, त्याच तीन चुण्या, एक टोक बाकाच्या कडेवरून खाली लोंबणारं. हेड हलवलं, कागद ठेवला, दोन दिवस गेले आणि चिंधीची एक चुणी मोडली नाही? मी ती चिंधी पाहिली. खरं सांगतो, पाहिली. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले होते आणि मनात आलंही, की अरे, चिंधी तशीच आहे. आणि मी स्वतःला समजावलं की थंडीत कोण कोठारात जातंय, पडली असेल तशीच. चौथ्याच फोटोवर कागद चिकटवला होता. हेडवर उजेड डावीकडच्या खिडकीतून पडत होता आणि कागदाची सावलीही डावीकडेच होती. ते मात्र तेव्हा दिसलं नाही. चिंधी दिसली होती. अजून रात्री जाग आली की ती चिंधीच डोळ्यासमोर येते.

बायको त्या रात्री म्हणाली, "अहो, त्याच्याशी एकदा तरी फोनवर बोला की." मी म्हटलं, त्याला ऐकू कमी येतं, त्याने तसं लिहिलंय. याचा मला सगळ्यात राग येतो. समोरचा फोनवर बोलत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. कारण कितीही दयेचं असू दे.

१४ जानेवारीला, संक्रांतीच्याच दिवशी, २,५०० ची वायर केली. खातं दुसऱ्याच्या नावावर होतं, जॉर्जियातल्या बँकेत. म्हणाला मेहुणीचं आहे, आजोबांच्या मालमत्तेचा हिशेब ती बघते. मला ते पटलं. आपल्याकडे नाही का एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जात? आणि लक्षात ठेवा, वायर खातेक्रमांकावर जाते. तुम्ही लिहिलेलं नाव त्या क्रमांकाशी जुळतं का, ते बँक बघेलच असं नाही. पेनसिल्व्हेनियातला एक जण हेड मागतोय, त्याला नको म्हणून सांगितलंय, असं त्याने २१ तारखेला लिहिलं आणि २३ ला मी ३,१०० पाठवले. २७ ला खोक्याचे नि ट्रकभाड्याचे ३८५, ते पैसे पाठवायच्या ॲपवरून. ट्रकची पावती आली, त्यावर क्रमांक होता. ५ फेब्रुवारीला मागणी आली: विम्याचे ७४० डॉलर भरा, नाहीतर ट्रक कंपनी माल सोडत नाही, नंतर परत मिळतील. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या ट्रक कंपनीचा फोन मी स्वतः शोधून लावला, पावतीवरचा नाही. बाई म्हणाली, आमच्या पावतीला एवढे आकडेच नसतात.

दुसऱ्या दिवशी फोटो उलटे करून, म्हणजे आरशातल्यासारखे फिरवून इंटरनेटवर शोधले. सरळ शोधले होते तेव्हा काही सापडलं नव्हतं, कारण त्याने पाठवतानाच फिरवले होते. खरा मालक कॅलिफोर्नियातला एक म्हातारा गृहस्थ निघाला. फोनवर शांतपणे म्हणाला, ते हेड माझ्या गाडीवर बसलंय, कोपरा मी पितळेने भरून घेतला, आणि हे विचारायला फोन करणारा तू चौथा.

चौथा! मग आधीच्या तिघांच्या तक्रारींचं काय झालं?

ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. बँकेत पहिला फोन केला तेव्हा ५२ मिनिटं संगीत ऐकलं. मग उत्तर मिळालं की पैसे तुम्हीच तुमच्या मर्जीने पाठवलेत. परत मागवायचा अर्ज भरला, पाच आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: समोरच्या खात्यात शिल्लक नाही. खातं कुणाचं, कुणी उघडलं, पैसे कुठे गेले, काही सांगणार नाहीत, कारण त्या खातेदाराची गोपनीयता! चोराची गोपनीयता सांभाळायची, आणि माझं नाव, पत्ता, खातं सगळं त्याच्याकडे आहे त्याचं काही नाही.

आमच्या गावचे पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला दिसतो. मी विचारलं, नसलेली वस्तू विकली तर दिवाणी कसा? त्यांनी एक क्रमांक लिहून दिला आणि सांगितलं, विकणारा जिथला आहे तिथे तक्रार करा. नेब्रास्कातल्या शेरीफच्या कचेरीत फोन केला. तो पत्ता म्हणजे धान्याच्या कोठाराची मोकळी जागा आहे, इथे असा कुणी राहत नाही, मग गुन्हा आमच्याकडे घडलाच नाही. पैसे जॉर्जियात गेलेत, तिथे बोला. जॉर्जियात बोललो. ते म्हणाले, फसलेला माणूस मिशिगनचा, तर तक्रार मिशिगनमध्येच. तीन राज्यं फिरून मी माझ्याच गावच्या त्याच खिडकीपुढे आलो आणि खिडकीतल्या माणसाने विचारलं, "तुम्ही आधी आला होतात का?" सरकारच्या ऑनलाइन तक्रारीत ४१ फायली जोडल्या: सगळे ईमेल, सातही फोटो, दोन्ही वायरच्या पावत्या, खरे मालक जे बोलले ते सगळं लिहून. उत्तर म्हणून क्रमांक आला. माणूस एकही आला नाही. रक्कम लहान आहे म्हणे. चौघांची मिळून लहान आहे का? ज्या खात्यात पैसे गेले त्याचा क्रमांक माझ्या हातात आहे, तो घेऊन मी दारोदार फिरतोय आणि कुणी तो उतरवूनही घेत नाही!

ॲपवाल्यांनी तर उत्तरच दिलं नाही. कार्डाने भरा. समोरचा कार्ड घेत नाही म्हणाला तर माल घेऊ नका. क्रॅगर असो नाहीतर पुण्यातल्या कुणाच्या जुन्या जावा मोटरसायकलची टाकी असो.

आणि व्हिडिओ कॉल करा. नुसता कॉल नव्हे, तुम्ही सांगाल तसं त्याला हेड फिरवायला लावा: पालथं कर, पाण्याच्या वाटेत बोट घाल, डावीकडचा रॉकर हलव. चिठ्ठीच्या फोटोवर आता काडीचा विश्वास ठेवू नका, कागद चिकटवणं पोरासोरांनाही येतं. नुसतं हेड अस्सल आहे का, हे बघत बसू नका, ते त्याच्या हातात आहे का ते बघा. आमच्यातला कुणीतरी दोन तासांच्या अंतरावर राहत असतोच, त्याला जाऊन बघायला सांगा. मी सांगितलं नाही. सांगितलं तर हेडची बातमी फुटेल आणि दुसराच कुणी उचलेल, अशी भीती होती. म्हणूनच मी कुणाला बोललो नाही, आणि असल्या चोरांना नेमकं हेच हवं असतं. मी स्वतः जायला हवं होतं. साडेसातशे मैल, अकरा तास. पण त्या आठवड्यात बर्फाचं वादळ होतं, मुलीची परीक्षा होती, कारखान्यात रात्रपाळी होती. ही कारणं खरी आहेत.

वडिलांना मी महिनाभर सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ओतकाम चांगलं होतं पण.

हे आज लिहायचं कारण असं की काल रात्री तेच फोटो पुन्हा दिसले. या वेळी माणूस कॅन्ससचा, हेड काकांचं, मागणी ४,९०० डॉलर. सात फोटो, फिरवलेले. चौथा बघा: स्पार्क प्लगशेजारी खपली उडालेला कोपरा, मागे बाकावर लाल चिंधी, तीन चुण्या, एक टोक कडेवरून खाली लोंबतंय. कुणी त्याला पैसे पाठवायच्या बेतात असेल तर थांबा. मी आज सकाळीच तक्रार नोंदवली आहे. अर्ध्या मिनिटात क्रमांक आला.